घोट्याच्या वर पाणी

ब्रिजटाउन, बार्बाडोस
बुधवार, रात्रीचे साडेनऊ

केस अजून ओले आहेत. मानेवरून हात फिरवला की मीठ लागतं. लेक दोनदा म्हणाली, "आई, आंघोळ करून घे, नाहीतर रात्रभर खाज येईल." नाही केली. आजची रात्र हे मीठ अंगावर राहू दे.

आज दिवसभर कार्लाइल बेवरच्या एका बीच क्लबमध्ये होतो. लेकीने टोरांटोहूनच जागा राखून ठेवली होती. क्लब नऊला उघडतो, पण मला पाचला जाग येते आणि मग खोलीत बसवत नाही. सातच्या सुमारास आम्ही झेडआर पकडली. झेडआर म्हणजे इथली पांढरी वडाप. गाडीच्या पाटीवर झेडआर ही अक्षरं असतात, म्हणून तेच नाव. आत शिरताना सगळ्यांना मिळून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं. न बोलता बसणं इथे उद्धटपणा समजतात. पहिल्या दिवशी मी मुकाट बसले होते. आज मोठ्याने म्हटलं आणि अख्ख्या गाडीने उत्तर दिलं.

पुळण अजून रिकामी होती. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पेबल्स बीच, उजवीकडे ब्राउन्स बीच, आणि उजव्या टोकाला लांब बंदर. तिथे एक पांढरी क्रूझ बोट लागलेली, एखादी वाडी उभी करून ठेवावी एवढी. पेबल्सवर शर्यतीच्या घोड्यांना समुद्रात न्हाऊ घालून माघारी नेत होते. जवळच्या गॅरिसन मैदानावर शर्यती होतात, तिथले हे घोडे. ओल्या वाळूत खुरांचे ठसे राहिले होते, ते लाटेने एकदम पुसले गेले नाहीत. इथे लाट म्हणावी अशी लाटच नाही. पूर्वेकडून येणारा वारा बेट अडवतं, त्यामुळे अटलांटिकचा सगळा मार पूर्वेकडच्या बाथशेबाच्या बाजूला बसतो आणि या पश्चिम अंगाला पाणी निजल्यासारखं पडून असतं.

मला खरी चुकल्यासारखी वाटली ती ओहोटी. आमच्या गुहागरला ओहोटीला समुद्र कुठल्या कुठे मागे जातो, ओली चकचकीत पुळण मोकळी होते, आम्ही मुली तिच्यावर काटकीने नावं लिहायचो. उधाणाची मोठी भरती कधी आणि भांगाची लहान भरती कधी हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. इथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. सकाळी सातला पाणी जिथे होतं, दुपारी दोनला जवळजवळ तिथेच. पहिले दोन दिवस मी त्या पाण्याकडे जरा अविश्वासाने बघत होते. जो समुद्र मागे जात नाही त्याचं वेळापत्रक ओळखायचं कसं?

ब्राउन्स बीचकडे पाण्यात दहा-बाराजणी उभ्या होत्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, डोक्याला टोप्या, पाणी खांद्यापर्यंत. पोहत कोणीच नव्हतं. गोल करून उभ्या राहून गप्पा चालल्या होत्या, हसणं ऐकू येत होतं. गुहागरला आमच्या खालचा पाट आळीत विहिरीवर चालायच्या तशाच गप्पा, फक्त इथे विहीर समुद्राएवढी. याला बार्बाडोसमध्ये 'सी बाथ' म्हणतात. कामाला जाण्याआधी, नाहीतर कामावरून परतताना, माणसं समुद्रात जाऊन उभी राहतात. पेन्शनीतली तर रोज येतात.

मी काठावर घोट्यापर्यंत पाण्यात उभी. गोलातल्या एका आजींनी हाक मारली, "आत ये ना, पाणी गोड आहे!" मी मान हलवून नाही म्हटलं. तर त्याच बाहेर आल्या आणि टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यापाशी उभ्या राहिल्या. कुठली, काय विचारलं. मुंबईच्या खालचं कोकण कसं सांगायचं कळेना, म्हणून नुसतं मुंबई म्हटलं. त्या लगेच म्हणाल्या, "गावस्कर!" एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये त्या दहा वर्षांच्या होत्या आणि वडिलांनी त्यांना केन्सिंग्टन ओव्हलवर भारताची कसोटी बघायला नेलं होतं.

माझ्या घशात काहीतरी दाटलं. भारताच्या त्या वेस्ट इंडीज दौऱ्याची वर्तमानपत्रांतली कात्रणं बाबांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. इथल्या कसोटीत सोबर्सचे नाबाद १७८, त्यावर आपल्या दिलीप सरदेसाईंचे १५० आणि दुसऱ्या डावात गावस्करांचे नाबाद ११७. गावस्करांची ती पहिलीच मालिका, चार कसोटींत ७७४ धावा. मला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत, कारण बाबा ते पाढ्यांसारखेच म्हणून घ्यायचे. सरदेसाई मडगावचे, म्हणजे 'आपल्या किनाऱ्यावरचा माणूस', असं ते दर वेळी जोडायचे. काल आम्ही ओव्हलच्या बाहेर सोबर्सच्या पुतळ्यापाशी फोटो काढला, तो बाबांसाठीच. २०२४ च्या २९ जूनला याच मैदानावर आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो तेव्हा बाबा नव्हते. आजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बोट सुटली की मी पुन्हा येते. साडेचारला. तेव्हा तरी आत ये."

नऊला क्लब उघडला. मनगटावर कागदी पट्टा बांधतात. त्यात दोन खुर्च्या, एक छत्री, सामान ठेवायला लॉकर, गोड्या पाण्याचा शॉवर आणि एक पेय. पैसे या सोयीचे. वाळू आणि पाणी मात्र कोणाच्याच मालकीचं नाही, बार्बाडोसमधले सगळे किनारे लोकांचे आहेत. क्लबच्या रंगीत छत्र्यांच्या रांगेपुढे एक कुटुंब आपली चादर पसरून, घरचे डबे उघडून बसलं होतं. त्यांना कोणी उठ म्हटलं नाही. हे मला फार आवडलं. खुर्चीचे पैसे घ्या, खुशाल घ्या, पण समुद्राला फाटक लावू नका. आपल्याकडेही किनाऱ्यालगत कुंपणं उठताना पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

साडेदहाला बोटीवरची माणसं आली. टॅक्सीमागून टॅक्सी. अर्ध्या तासात एक खुर्ची मोकळी उरली नाही. गाणी सुरू झाली, ढोलासारखा ठोका थेट वाळूतून पायांत येत होता. फुगवलेल्या घसरगुंड्यांवरून मुलं पाण्यात धपाधप पडत होती. लाल झालेल्या पाठी, खोबरेल तेलाचा वास (तो वास इथेही भेटावा!), तळलेल्या माशाचा वास. गर्दीचा किनारा म्हटलं की लोक नाक मुरडतात, लेकसुद्धा म्हणाली, "उद्या शांत ठिकाणी जाऊ." मला ती गर्दी हवीशी वाटली. मांडीवर दोन नातवंडं घेऊन बसलेले एक आजोबा होते. एक बाई कुबड्या वाळूत ठेवून, मुलाच्या आधाराने पाण्यात शिरली आणि शिरताच मोठ्याने हसली. इतक्या वेगवेगळ्या शरीरांची माणसं इतकी निर्धास्त मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

लेक होडीतून कासवं बघायला गेली. या उपसागराच्या तळाशी बुडालेली जहाजं आहेत. १९१९ मध्ये बुडालेली बर्विन नावाची टगबोट इतक्या उथळ पाण्यात आहे की वर तरंगतानाही दिसते. आता तिच्यावर प्रवाळ वाढलंय, मासे राहतात. परत आली तेव्हा लेकीचे डोळे चमकत होते. हिरवं कासव तिच्या हाताखालून गेलं म्हणे. मी तिला आपल्या गुहा आणि बागेश्री या कासवांची आठवण दिली. २०२३ मध्ये गुहागरच्या पुळणीवरून पाठीवर यंत्र बसवून सोडलेल्या त्या दोन ऑलिव्ह रिडले माद्या. बागेश्री दक्षिणेला वळसा घालून पार श्रीलंकेकडे गेली, तेव्हा अख्खं गाव तिचा नकाशा फोनवर बघत होतं.

ती होडीत असताना मी या पाण्याचाच विचार करत होते. १६२७ मध्ये इंग्रज या बेटावर वस्तीला आले, आणि पुढे जवळपास दोनशे वर्षं याच उपसागरात जहाजं नांगर टाकत राहिली. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं इथे उतरवायची, उसाची साखर इथून न्यायची. गुलामीतून पूर्ण सुटका १८३८ मध्ये. सकाळच्या त्या बायका ज्या पाण्यात हसत उभ्या होत्या, त्याच पाण्यावरून त्यांच्या खापरपणज्यांच्या आज्या बेड्यांत आल्या असतील. हे मनात आल्यावर सी बाथ ही नुसती आंघोळ वाटेना.

जेवायला 'कटर' घेतला, म्हणजे गोल पावात तळलेला मासा आणि वर पिवळी जहाल मिरचीची चटणी. फलकावर 'डॉल्फिन' लिहिलं होतं, मी दचकले. तो माही-माही मासा निघाला, इथे त्याला तेच नाव आहे. पण खरा आनंद बाजूच्या कागदी पुडीत होता. नीरफणसाची कापं! आमच्या परसात नीरफणस होता, आई तांदळाचं पीठ आणि तिखट लावून तव्यावर कापं करायची. इथे नुसतं मीठ लावून तळतात. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून याची रोपं बोटीवर घालून वेस्ट इंडीजला आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर अन्न मिळावं म्हणून. तेच झाड आमच्या परसात आणि तेच यांच्या. मी दोन पुड्या खाल्ल्या.

तीनच्या सुमारास मागून मराठी ऐकू आलं. "अगं, दिसतोय का मी? थांब, इथे रेंज येते." एक तरुण मुलगा फोनवर बायकोला समुद्र दाखवत होता. बोलणं संपेपर्यंत थांबले आणि विचारलं, "कुठला रे तू?" तो हर्णैचा. त्या पांढऱ्या बोटीवर लाँड्रीत काम करतो, आठ महिन्यांचा करार, आज चार तास सुट्टी. "काकू, रोज समुद्रावर असतो, पण लाँड्री खालच्या मजल्यावर. पाण्याला हात लागून दोन महिने झाले." वडील आणि काका मासेमारीत. घरची बोट कर्जापायी विकली, म्हणून हा इकडे. माझ्या पिशवीत फणसाचं साट होतं, ते त्याला दिलं. त्याने तिथेच एक तुकडा तोडला, बाकीचं फडक्यात गुंडाळून नीट खिशात ठेवलं. मग चपला माझ्या खुर्चीखाली सारून धावत गेला आणि कपड्यांसकट पाण्यात झेप घेतली. खूप वेळ वर आला नाही. मी उभी राहिले होते. लांबवर त्याचं डोकं दिसलं तेव्हा बसले.

सातवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा असाच पाण्यात गेला, तो आलाच नाही. गुहागरचा समुद्र दिसायला देखणा, पण पुळण एकदम खोल उतरते आणि पाणी पाय ओढतं. त्या दिवसापासून बाबांनी नियम घातला, मुलींनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. समुद्रापासून शंभर पावलांवर वाढले, एकवीस वर्षं रात्री त्याचा आवाज ऐकत झोपले, आणि सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत गुडघा भिजवला नाही. बाबांवर माझा राग नाही. त्यांनी त्या मुलाला पुळणीवर आणलेलं पाहिलं होतं.

चारपर्यंत टॅक्स्या भरून निघून गेल्या. हर्णैचा मुलगा ओल्या कपड्यांनी पाया पडून गेला. छत्र्या मिटल्या, गाणी बंद झाली. पाण्याला नसलेली ओहोटी माणसांना आली. आणि साडेचारला, अगदी शब्दाप्रमाणे, आजी आल्या. तीच टोपी.

या वेळी मी गेले. एका बाजूला लेक, एका बाजूला आजी. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. कमरेशी मी थांबले, पाय थरथरत होते. आजींनी घाई केली नाही, शेजारी उभ्या राहून आपल्या नातीच्या परीक्षेचं सांगत राहिल्या. मग पाठीखाली हात धरून म्हणाल्या, "आता मान मागे टाक. कान बुडू दे. कान बाहेर ठेवलेस तर बुडशील." कान बुडाले आणि सगळे आवाज गेले. फक्त माझाच श्वास, मोठा, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. वर आभाळ, त्यात एक काळा पक्षी स्थिर. आजींचा हात कधी निघाला ते मला कळलं नाही. लेक सांगते, बराच वेळ कोणाचाच हात नव्हता.

सूर्य पाण्यात बुडाला, गुहागरला बुडतो तसाच, समोर. आम्ही तिघी पाण्यातच होतो, आणखी चारजणी येऊन मिळाल्या. त्यांचं अर्धंअधिक बोलणं मला समजलं नाही. मी गोलात उभी होते.

आत्ता तिकडे सकाळचे सात. दादा पुळणीवरून फेरी मारून आला असेल, चहा घेत असेल. त्याला फोन लावते. आज पाणी कुठवर होतं, ते विचारायचंय.