कोणी येणारे का इथे?

डिसेंबरातल्या एका दुपारी मोबाईलने स्टोरेज फुल म्हणून हात वर केले, आणि फोटो उडवायचं जिवावर येतं म्हणून मी मेसेज उडवायला बसले. बँकेचे ओटीपी, महावितरणचं बिल, कुरिअरवाला, कुठल्यातरी साड्यांचा सेल आणि मधूनमधून पिक्चरची तिकिटं. हल्ली तिकीट म्हणजे मेसेजच की. जुन्यापासून वाचत आले तर जानेवारीत एफ ११, एफ १२ अशी जोडी, आणि जुलैत नुसतं एफ ११. वकिलाने वर्षभरात जेवढे कागद केले त्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत.

२०२३ तसं थेटरांना चांगलं गेलं. पठाण आला, मग गदर २, जवान, कोविडनंतर घरात बसून बघायची सवय लागलेली माणसं परत बाहेर पडली. माझं मात्र सुरू झालं वाळवीपासून. परेश मोकाशींचा, १३ जानेवारीला लागला होता. त्यात नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोला संपवायचा प्लॅन करतात. आणि हा पिक्चर आम्ही दोघा नवराबायकोंनी शेजारी शेजारी बसून बघितला, त्याच आठवड्यात आमचं आता वेगळं होऊया असं चहा पिता पिता शांतपणे ठरलेलं असताना. तिकिटं आधीच काढलेली होती. फुकट कशाला घालवायची यावर आमचं एकमत झालं, बऱ्याच दिवसांनी कशावरतरी. आणि हसलो हो, पोट धरून हसलो दोघंही. मागच्या रांगेतल्यांना वाटलं असेल काय छान जोडपं आहे. इंटरव्हलला त्याने नेहमीसारखं विचारलं, सॉल्टेड का चीज, मी नेहमीसारखं म्हणलं काहीही चालेल, आणि चीज आणल्यावर नेहमीसारखं तोंड वाकडं केलं.

आमचं एकच कायमचं भांडण होतं, वेळेवर पोचण्याचं. मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघायचं असतं. हसू नका, बघायचंच असतं. ते चुकलं तर पिक्चर सुरू झाला असं मला वाटतच नाही, पहिली पंधरा मिनिटं मी आपली रुसून बसते. सिगरेट ओढू नका सांगणारी जाहिरात (तेव्हा ती नंदूची असायची), राष्ट्रगीत, मग ते सर्टिफिकेट, या क्रमाने सगळं झालं पाहिजे. त्याचं म्हणणं, त्या कागदात बघण्यासारखं काय असतं? पूर्वी असायचं. पूर्वी त्यावर किती रिळं ते लिहिलेलं असायचं आणि आम्ही पोरं ते मोठ्याने ओरडायचो, सोळा! सोळा रिळं म्हणजे चैन. तेरा दिसली की अख्खं पब्लिक हळहळायचं. आता तिथे मिनिटं आणि सेकंद असतात, त्यात काय मजा.

हे ओरडणं कराडचं, गणपतीतलं. चौकात दोन बांबूंना पडदा बांधायचे, त्यासाठी दुपारपासून पोतं टाकून वर दगड ठेवून जागा धरायची, आणि एवढं करून रात्री कुठल्यातरी काकू आपलं खटलं घेऊन तिथे बसलेल्या असायच्या आणि तुमचा दगड बाजूला पडलेला असायचा. मग आम्ही सरळ पडद्याच्या मागे जायचो. मागून पिक्चर दिसतो बरं का, छान दिसतो, फक्त सगळे डावखुरे. हिरो डाव्या हाताने ठोसे मारतोय, डॉक्टर डाव्या हाताने इंजेक्शन देतोय, पाट्या सगळ्या उलट्या, त्या आम्ही उलट्याच वाचायला शिकलो होतो. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि रडणाऱ्या हिरॉइनचा एक गाल भोपळ्याएवढा व्हायचा. रीळ बदलताना लाइट लागायचे, तेवढ्यात माइकवरून हरवलेल्या पोराचं वर्णन, लाल चड्डी, शर्ट नाही. कितीतरी पिक्चर मी आधी उलटे बघितलेत आणि नंतर कधीतरी टीव्हीवर सुलटे लागले तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं.

तर, बाईपण भारी देवा. जूनच्या शेवटी लागला आणि जुलैभर महाराष्ट्रात जो काही प्रकार चालला होता तो ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. मी तेव्हा कर्वेनगरला वन बीएचके घेऊन राहायला लागले होते. आईचा फोन, भिशीच्या सगळ्याजणी चाललोय, तू ये, आणि काठपदर नेस. गेले कराडला. थेटराच्या बाहेर नऊवाऱ्या, नथी, गजरे, गॉगल, पार्किंगमध्ये फुगड्या. आतमध्ये रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते पडद्यावर आल्या की घरात पाहुणे आल्यासारखं स्वागत. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि शेवटी आमच्या रांगेतल्या गुडघे दुखणाऱ्या बायका उठून पडद्यासमोर झिम्मा घालायला लागल्या. आईसुद्धा! इंटरव्हलला कोणीतरी विचारलं, जावईबापू नाही आले? आई पटकन म्हणाली, त्याला सुट्टी नाही. मी वेफर्सच्या पाकिटावरची एक्स्पायरी डेट वाचली.

त्यानंतरच्या आठवड्यात, का त्याच्या पुढच्या, ओपनहायमर. एकटीने बघितलेला पहिला पिक्चर. तीन तास आणि वर थोडा. हे हॉलिवूडचे लोक मध्ये इंटरव्हल ठेवत नाहीत, तो आपल्याकडे घुसडतात, त्यामुळे कुठेही कचकन तुटतो आणि माणूस अणुबॉम्बमधून थेट समोशात. एकटीने जायचं म्हणजे फार काही नसतं हो, सीट तीच, एसी तोच. प्रॉब्लेम फक्त इंटरव्हलला. पर्स घेऊन उठायचं का जागेवर ठेवायची, ओढणी टाकून जावं तर परत आल्यावर ती खाली पडलेली. आणि कोणतरी वाकून विचारतं, कोणी येणारे का इथे? पहिल्यांदा मी उगाचच हो म्हणाले. मग पूर्ण पिक्चरभर ती रिकामी सीट बघून तो माणूस माझ्याकडे बघत होता, बिचारी, आला नाही कोणी. पुढच्या वेळेपासून सरळ सांगायला लागले, नाही, ठेवा बॅग. लोक बॅग ठेवतात, हेल्मेट ठेवतात, एकदा एकाने झोपलेलं मूल ठेवलं आणि ते मूल नंतर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निवांत घोरलं.

जवानला भाच्याने ओढून नेलं. दहीहंडीचाच दिवस, रस्ते बंद, पोचेपर्यंत सर्टिफिकेट गेलं. पण शिट्ट्या मारल्या मी. येतात मला.

ऑक्टोबरात तो नॅशनल सिनेमा डे होता ना, बहुतेक ठिकाणी तिकीट ९९ रुपये, त्या दिवशी आत्मपॅम्फ्लेट बघितला. लेखन मोकाशींचंच, दिग्दर्शन आशिष बेंडेचं. ऐंशी-नव्वदच्या काळातलं शाळेतलं एकतर्फी प्रेम, इतका गोड आणि इतका खट्याळ, आणि थेटरात माणसं किती, तर हाताच्या बोटांवर. मराठी पिक्चर चालत नाही म्हणून गळा काढणारे सगळे त्या ९९ रुपयांत दुसरीकडे बसले असणार. रात्री त्याचा मेसेज आला. मोकाशींचा नवीन बघितलास का? म्हणलं, आजच. मी पण, म्हणाला. कुठे, कितीचा, हे मी विचारलं नाही, त्यानेही नाही. आमची सही होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हा मेसेज उडवायचा का नाही यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी एका मिक्सर कंपनीचे सगळे उडवले.

नोव्हेंबरात झिम्मा २ आला. आईला म्हणलं चल, तर म्हणे परत बायकांचाच? पण आली पुण्याला, भिशीतल्या दोघींना घेऊन. यावेळी साध्या ड्रेसमध्ये. इंटरव्हलला त्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, काय गं, सासरी काय म्हणतायत? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, नाही, ती एकटी राहते आता, सुटलं ते. आणि समोशाची चटणी कुठेय म्हणून पिशवीत बघायला लागली. मावशी अगं बाई म्हणाल्या. मग कोणीच काही म्हणालं नाही, मग पिक्चर सुरू झाला.

बाहेर आल्यावर रिक्षात मी आईला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, पहिला जास्त चांगला होता.