"रगत सुरू झालं म्हनता, मंग आयसीयूत कशाला?"

अडकलेल्या आतड्याला रक्त परत सुरू झाल्यावरच जास्त इजा का होते, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आतड्याला पीळ पडलेला, हर्नियात आतडं अडकलेला किंवा आतड्याच्या धमनीत गुठळी बसलेला पेशंट ऑपरेशन होऊन बाहेर आला की नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला. बीड जिल्ह्यात सर्जरी करताना मी त्याला एकच उत्तर देत आलोय. लाइट गेली, स्टार्टर ऑटोवरच राहिला. लाइट आली की अख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात अन् एखादी जळते. केज-धारूरकडच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही.

डॉक्टरांना मात्र पुरावा लागतो. १९८६ साली पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी मांजरांच्या आतड्याचा रक्तपुरवठा घटवून पाहिला. काहींचा ४ तास, काहींचा ३ तास, आणि चौथ्या तासाला पूर्ववत. अस्तर जास्त खराब झालं ते या दुसऱ्यांचं.

ऑक्सिजन नसताना पेशीतल्या ऊर्जेचा साठा मोडतो अन् हायपोझँथिन नावाचं द्रव्य साचतं. रक्त आलं की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि त्यातून पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स सुटतात. मागोमाग पांढऱ्या पेशी येऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची, म्हणजे रसांकुरांची, टोकं आधी झडतात, मग आतड्यातले जंतू अन् विष रक्तात शिरायला वाट मिळते. म्हणून आयसीयू.

"यावर औषध नाही का?" आहे, उंदरांसाठी भरपूर. गाउटची ॲलोप्युरिनॉलची गोळीसुद्धा प्राण्यांत आतडं वाचवताना दिसली. पण माणसाच्या आतड्यासाठी रोजच्या वापरात ठरलेलं असं एकही नाही. रक्त आधी थोडा थोडा वेळ थांबवून-सोडून अवयवाला तयार करायची युक्तीही आहे, १९८६ लाच कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलेली. आमचा पेशंट येतो पीळ पडून गेल्यावर, तिचा काय उपयोग?

आमच्या हातात उरतं ते टेबलावरचं काम. पिळलेलं आतडं काळं पडून मेलं असेल तर पीळ सोडवायचाच नाही. आधी मेसेंटरीला, म्हणजे आतड्याच्या रक्तवाहिन्या असलेल्या पडद्याला, क्लॅम्प, मग तेवढा भाग काढायचा. सोडवलात तर तिथं साचलेलं पोटॅशियम, आम्ल अन् विष एका दमात हृदयाकडं जातं आणि बीपी कोसळतं. जगण्याची आशा असेल तर भूलतज्ज्ञाला विचारायचं, "सोडू का?" सलाइन, ऑक्सिजन, बीपी बघून ते "हं" म्हणाले की सोडायचं. मग कोमट सलाइनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे कापडी घड्या, आतड्यावर टाकून थांबायचं. १०-१५ मिनिटं कुणी हात लावायचा नाही; नव्या रेसिडेंटला (शिकाऊ सर्जनला) हेच सगळ्यात अवघड जातं. मॉप उचलला की रंग बघायचा: जांभळ्याचा गुलाबी झाला का, चकाकी आली का, मेसेंटरीत ठोका लागतो का. चिमट्यानं हलकंच टोचलं की आतडं आकसून पुढं सरकलं, तर ते ठेवायचं.

तरी एखादा तुकडा ना धड गुलाबी ना काळा राहतो. तेव्हा २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघायचं, हे पहिल्याच ऑपरेशनात ठरतं आणि मी बाहेर येऊन तेव्हाच सांगतो. नाहीतर दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना वाटतं, काल काहीतरी चुकलं म्हणून आज परत आत नेलं.