आठवीला ‘संतुलित आहार’ शिकवताना

सप्टेंबर आला की शाळेत पोषण माह साजरा करण्याचं पत्र येतं. २०१८ पासून हे सुरू आहे. पत्रासोबत फोटो पाठवायचे असतात, त्यामुळे रांगोळी, घोषवाक्यं आणि भाज्यांची टोपली घेऊन उभी राहिलेली चार मुलं एवढ्यावर भागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतही तेच चालायचं. मी विज्ञान शिकवते. मुख्याध्यापकांकडे रांगोळीऐवजी आठवीचे काही जादा तास मागितले. ‘फोटो तेवढे वेळेत द्या’ या अटीवर ते मिळाले.

व्याख्या शिकवायची गरजच नव्हती. खालच्या वर्गात हा धडा झालेला असतो. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं असं सगळं मुलं एका सुरात म्हणून दाखवतात आणि मधली सुट्टी झाली की गेटबाहेरच्या टपरीकडं पळतात. तेरा-चौदाचं वय. अमुक खाऊ नका म्हटलं की तेच हमखास खाणार. म्हणून ‘खाऊ नका’ हे शब्दच वापरायचे नाहीत, असं ठरवलं.

डबे तपासायचे नाहीत, हेही ठरवलं. पोषणाच्या उपक्रमात हे हौसेनं केलं जातं आणि मला ते अजिबात पटत नाही. डब्यावरून घरची परिस्थिती कळते, जात कळते, कुणाकडं अंडं चालतं नि कुणाकडं नाही ते कळतं. चटणी-भाकरीचा डबा आणणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर ‘भाजी कुठाय’ विचारून काय साधणार?

मग हाताशी राहिला तो दहा रुपयांचा हिशोब. फळ्याच्या एका बाजूला चिप्सचं पाकीट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पैशांचे वाण्याकडचे फुटाणे. प्रयोगशाळेतला तराजू वर्गात आणला. पाकिटात माल २५ ग्रॅमच्या आसपास, फुटाणे त्याच्या दुप्पट. चिप्समधून प्रथिनं दोन ग्रॅमसुद्धा नाहीत, फुटाण्यांतून दहाच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणं तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, मुलीला ४३. हे आकडे फळ्यावर आले तशी मागच्या बाकावरची मुलं पुढं सरकली. व्यायामशाळेत जाणाऱ्या मोठ्या भावांचे प्रथिनांच्या पावडरीचे डबे त्यांनी पाहिलेले असतात, त्यांची किंमतही तोंडपाठ असते.

‘पण बाई, फुटाण्याला चिप्सची चव कुठाय?’ एकानं विचारलंच. नाहीच. मी मान्य केलं. तेल, मीठ आणि कुरकुरीतपणा यांचं ते गणित मुद्दाम जमवलेलं असतं. मग वर्गानंच तोड काढली: फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे, कांदा, वर लिंबू पिळायचं. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं घरून पातेलंभर करून आणलं आणि तो तास तिथंच संपला.

पाकिटं वाचण्याचा तास सगळ्यांत जास्त रंगला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते, एवढं एकच सांगितलं आणि रिकामी वेष्टनं वाटली. फळाचं चित्र मोठं असलेल्या पेयात फळ यादीत कितव्या जागेवर आहे, हे पोरांनी स्वतःच शोधलं. मग कोल्याची बाटली. शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरला २५ ग्रॅमच्या पुढं. तेवढी साखर तराजूच्या ताटलीत ओतायला एका मुलाला बोलावलं. तो थोडी थोडी ओतत होता, काटा पोचेना. ‘बाई, एवढ्यात आमच्या घरातल्या सगळ्यांचा चहा होतो,’ तो म्हणाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात साधारण २५ ग्रॅमच्या आत वरची साखर असावी असं सुचवते. हे सांगायचं होतं, पण त्याच्या वाक्यापुढं ते फिकं पडलं.

मला खरा वेळ द्यायचा होता तो लोहाला. दर सोमवारी खिचडीनंतर शाळेत निळ्या गोळ्या दिल्या जातात, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. वाटपाच्या तक्त्यावर सगळ्यांची नावं आणि टिकमार्क असतात. आणि वर्गाच्या खिडकीमागं, पन्हाळीखाली, पावसानं निळं पाणी सोडलेल्या गोळ्यांचा सडा. मुली गोळी गालात धरतात आणि संधी मिळाली की थुंकतात. का, ते विचारल्यावर फक्त मुली बसवलेल्या तासाला उत्तरं मिळाली. मळमळतं. शौचाला काळं होतं, मग घरचे घाबरतात. कुणाच्या तरी आजीनं सांगितलंय की या गोळ्यांनी पुढं मूल होत नाही.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत असं मुलींना कुणी सांगितलंच नव्हतं. उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच, म्हणून खाऊन घ्यायची. काळं होतं कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. तिसरी भीती उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावून काढावी लागली, माझ्या शब्दावर ती जाण्यातली नव्हती.

मग गूळ आणि बीट. आमच्याकडं रक्त कमी म्हटलं की हे दोनच उपाय. गुळाच्या खड्यातून, समजा दहा ग्रॅममधून, लोह मिळतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. बीट लाल दिसतं तेवढंच, शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नाही. तेरा ते पंधराच्या मुलीची दिवसाची गरज ३० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच वयाच्या मुलाची २२, कारण मुलींची पाळी सुरू झालेली असते. मटकी, हरभरा, मेथी, बाजरी यांत लोह बरंच आहे, आणि हे सगळं आमच्या भागात घरोघरी असतं. पण ते अंगी लागायचं तर सोबत लिंबू, पेरू, चिंच असं काही आंबट हवं आणि लगेच वर चहा नको.

इथं गाडी अडली. आमच्याकडची निम्मी मुलं सकाळी चहा-चपाती खाऊन येतात. आईला पहाटे रानात जायचं असतं, सगळ्यांत लवकर होणारं तेच. ‘चहा सोडा’ असं सांगून मी कुणाचंच भलं केलं नसतं. चहा आधी घ्या, भाकरी-भाजी तासाभरानं मधल्या सुट्टीत खा, एवढीच अदलाबदल सुचवली. शाळेतल्या स्वयंपाकाच्या ताईंनी मात्र मटकीच्या उसळीबरोबर लिंबाची फोड द्यायला सुरुवात केली, स्वतःहून. लिंबं त्यांच्या दारातल्या झाडाची.

एक नियम मी पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता: कुणाच्या अंगकाठीवर बोलायचं नाही. या वयात ‘ढोल्या’ आणि ‘काडी’ ही नावं चिकटली की दहावीपर्यंत सुटत नाहीत. आहाराचा तास म्हणजे तर त्याला परवानाच. उंची-वजन घेणं आरोग्य तपासणीच्या पथकाचं काम, ते त्यांनी बाजूच्या खोलीत करावं. तरी एक मुलगी डबा परत नेते आहे हे मैत्रिणींकडून कळलं. मोबाईलवर बघून तिनं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. तिच्याशी वर्गाबाहेर बोलले, आईला भेटले. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि मला ते एकटीनं हाताळताही येणार नाही, म्हणून डॉक्टरांकडं पाठवलं आहे.

पालकसभेला आया आल्या, वडील थोडेच. पहिला प्रश्न, शाळेतलं अंडं बंद का झालं? २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं सुरू झालं होतं, २०२५ च्या जानेवारीत शासनानं त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीवर सोडलं. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दूध घरात कुणाला मिळतं, यावर मात्र बोलणं झालं. ‘पोराला देते, पोरगी मागत न्हाई,’ एक आई सहज म्हणाली. शेजारची हसली आणि म्हणाली, ‘मागंल कशी, तिला ठावं हाय ना.’ त्यावर बराच वेळ त्याच आपसांत बोलत राहिल्या, मी मध्ये पडले नाही.

राहिली गेटबाहेरची टपरी. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो दाखवून टपरी हलवता आली असती. पण तिथं पोट असलेल्या माणसाची दोन मुलं आमच्याच शाळेत आहेत. त्याला मी फुटाणे-चुरमुऱ्याचं मिश्रण ठेवून बघायला सांगितलं. ठेवतो, लिंबू पिळून देतो, आणि मधल्या सुट्टीत ते संपतं. क्रीमची बिस्किटं आणि कोला पहिल्यासारखीच खपतात. फोटो मात्र वेळेत गेले.