सायकल, सिग्नल आणि काका

आज कोथरूडहून डेक्कनला सायकलनेच गेलो. कर्वे रोडला एका उभ्या कारचा दरवाजा खाडकन उघडला, पण मी गाड्यांपासून दोनतीन हात लांबूनच चालवतो म्हणून वाचलो, मागचा बाइकवाला मात्र हॉर्न वाजवत राहिला की कडेने चल की रे! अरे बाबा कडेलाच तर दरवाजे उघडतात.

नळ स्टॉपला बस डावीकडे वळत होती आणि एक कॉलेजचा पोरगा तिच्या डाव्या बाजूने सायकल घुसवत होता, ड्रायव्हरला तिथलं काही दिसत नाही आणि वळताना बसचं मागचं चाक अजून आत येतं, म्हणून ओरडलो त्याला, थांबला बिचारा.

पुढे एक काका राँग साइडने, सिग्नल तोडून आले. म्हटलं काका, लाल आहे. तर म्हणे सायकलला कसला आलाय सिग्नल! लायसन लागत नाही म्हणजे नियमच नाहीत असं धरून चाललेत लोक. यांच्याच तरुणपणी पुण्यात दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस सायकल अडवायचे, ते बरं विसरले. (सायकल ट्रॅकवर पार्किंग आणि भेळेच्या गाड्या, त्यावर बोलायलाच नको.)

येताना अंधार झाला, मागचा लाल दिवा मधेच बंद पडला, मग सरळ उतरून फुटपाथवरून ढकलत आणली. पावसात टिकेल असा चार्जिंगचा दिवा कोणी वापरतंय का? कमेंटमध्ये सांगा, उद्याच घ्यायचाय.