तुम्ही विचारलंत म्हणून: हाताने केलेली भेट स्वस्त पडते का?

हा प्रश्न मला दोन रूपांत येतो. मोकळी माणसं सरळ विचारतात, "घरीच करून दिलं की बराच खर्च वाचत असेल, नाही?" संकोची माणसं आडून विचारतात, "देताना काही वाटत नाही का तुला? म्हणजे, पैसे वाचवले असं समोरच्याला वाटलं तर?" वाढदिवस असो, लग्न असो, सण असो, मी बहुतेक वेळा काहीतरी हाताने केलेलंच देते, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची मला सवय झाली आहे. पहिल्याचं थोडक्यात उत्तर: कधी कधी. दुसऱ्याचं: नाही. आता लांबलचक उत्तर.

खर्च वस्तूवर होत नाही, हौसेवर होतो. समजा, एक सुगंधी मेणबत्ती करून द्यायची ठरवली. मेण आलं, वाती आल्या, काचेचे पेले, सुगंध, रंग, थर्मामीटर आणि मेण वितळवायला वेगळं भांडं आलं. या सगळ्यातून निघालेली पहिली मेणबत्ती दुकानातल्या उत्तम मेणबत्तीपेक्षा हमखास महाग असते. पंचवीस केल्या तर हिशोब बदलतो, पण पंचवीस मेणबत्त्या लागतात कोणाला? शिवाय हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पेल्याची रुंदी, मेणाचा प्रकार आणि वातीची जाडी यांचं जुळावं लागतं. वात बारीक असली तर मधोमध विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड असली तर काजळी धरते आणि काच नको इतकी तापते. म्हणजे द्यायच्या आधी एक तरी पूर्ण जाळून बघायला हवी. मेण थेट आचेवर कधीच ठेवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवावं आणि तेवढा वेळ तिथून हलू नये. मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकायचं नाही. आच बंद करून वर झाकण सरकवायचं. हे सगळं ऐकून उत्साह टिकला तर जरूर करा. पण "स्वस्तातली भेट" या सदरात मी मेणबत्ती धरत नाही. साबणाचंही तेच. कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि समारंभ परवावर आल्यावर ही माहिती काही कामाची नसते.

स्वस्त पडतं ते एकच: घरात आधीच असलेल्या सामानातून, एकच वस्तू, पुन्हा पुन्हा केलेली. दर वेळी नवी कला शिकायला गेलं की कपाटात अर्धवट वापरलेल्या सामानाचं गोदाम होतं. वर्षाला एक कला पुरे. माझी कला म्हणजे वह्या, आणि त्यांच्याबद्दल मी जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या.

छापायचे साधे ए-फोर कागद घ्या, ८० जीएसएमचे. (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा, तितका कागद जाड.) आठ कागदांत खिशात मावणाऱ्या दोन वह्या होतात. बहुतेक जण ए-फोर कागद मधोमध दुमडून शिवतात. वही होते, पण ती नीट मिटत नाही, तोंड उघडं ठेवून बसते. कारण कागदाच्या तंतूंना दिशा असते, तिला ग्रेन म्हणतात. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर कागद निमूटपणे वाकतो, आडवी घातली तर कुरकुरतो. खात्री करायची असेल तर एक कागद दोन्ही दिशांनी फाडून बघा: तंतूंच्या दिशेने तो बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. ए-फोर कागदात हे तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात, म्हणून तो मधोमध दुमडला की घडी नेमकी त्यांच्या आडवी येते.

उपाय फुकटचा आहे. आठही कागद आधी मधोमध कापून अर्धे करा. मग प्रत्येक अर्धा कागद पुन्हा मधोमध दुमडा, घडी त्याच्या आखूड बाजूला समांतर येईल अशी. आता घडी तंतूंच्या दिशेने पडते. आठ-आठ कागदांचे दोन गठ्ठे होतात, प्रत्येकात बत्तीस पानं. कव्हरसाठी २०० ते २५० जीएसएमचा जाड कागद घ्या. जुन्या कॅलेंडरचं पान किंवा चांगल्या खोक्याचा पुठ्ठाही चालतो. दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर रंग तडकतो.

शिवण तीन भोकांची. कव्हर आणि कागद एकत्र धरून घडीवर मध्यभागी एक आणि दोन्ही टोकांपासून दोन सेंटिमीटर आत एकेक भोक जाड सुईने पाडा. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोनदा ओढा, म्हणजे त्याला पीळ बसत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, आत थोडा दोरा सोडून. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर. मग बाहेरून मधल्या भोकातून परत आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक अशी यायला हवीत. त्या टाक्याला कवेत घेऊन गाठ मारा. झालं. गोंद नाही, वाळायची वाट बघणं नाही. शेवटी उघड्या बाजूची कडा कापायची, कारण आतली पानं थोडी पुढे सरकलेली असतात. इथे कात्री वापरू नका. कटरचं नवं पातं, धातूची पट्टी, आणि एका दमात कापण्याऐवजी हलक्या हाताने पाच-सहा वेळा. या एका कृतीने वही "घरी केलेली" दिसायची थांबते आणि "हाताने केलेली" दिसू लागते.

कागद नको असेल आणि शिवणयंत्र असेल, तर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. कॉलर झिजली म्हणून बाजूला ठेवलेला सुती शर्ट पाठीला आणि पोटाला धडधाकट असतो, शिवाय धुऊन धुऊन आटून झालेला असतो. त्याचं उशीचं कव्हर करायचं. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनी उशीसाठी चाळीसचेच दोन चौकोन कापा: एक पाठीतून, दुसरा पुढून, बटणं लावलेलीच ठेवून, बटणपट्टी मध्यभागी येईल असा. सुलट बाजू एकमेकांसमोर ठेवून चारही बाजू एक सेंटिमीटर आतून शिवा, कोपरे तिरके छाटा, बटणं उघडा आणि कव्हर उलटून घ्या. ते उशीपेक्षा जरा लहान होतं, आणि तसंच हवं, म्हणजे उशी टचटचीत भरलेली दिसते. चेन नको, काजं नकोत, ते काम शर्ट शिवणाऱ्याने आधीच करून ठेवलं आहे. आणि तो शर्ट घरातल्या कोणाचा असेल तर भेटीचं मोल तुम्ही न सांगताच वाढतं.

आता संकोचवाला प्रश्न. पैसे वाचवले असं वाटतं का? फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जितकी महाग, तितकी ती घेणाऱ्याला आवडणार. घेणाऱ्यांच्या आवडीचा मात्र किमतीशी तसा काही संबंध दिसला नाही. किमतीची धास्ती देणाऱ्याच्याच मनात असते. २०१५ मध्ये क्रिस्टोफ फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की जवळच्या माणसासाठी भेट घेताना लोकांचा कल हाताने केलेल्या वस्तूकडे जास्त असतो, कारण तिच्यात करणाऱ्याचा जिव्हाळा उतरलेला असतो असं त्यांना वाटतं.

पण याच्या जोडीला तिसरा अभ्यास वाचायला हवा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहतं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ओरिगामीचे पक्षी आणि बेडूक करायला दिले. करणाऱ्यांनी आपल्या ओबडधोबड पक्ष्यांना जी किंमत देऊ केली, ती जाणकारांनी केलेल्या सुबक पक्ष्यांना मिळालेल्या किमतीच्या जवळपास होती. त्याच ओबडधोबड पक्ष्यांना बाकीच्यांनी जेमतेम पाचवा हिस्सा देऊ केला. आपण घाम गाळलेली वस्तू आपल्याला आहे त्याहून देखणी दिसते, एवढंच. म्हणून देण्याआधी वस्तू दोन दिवस नजरेआड ठेवावी आणि मग दुकानात ठेवलेली आहे अशा नजरेने बघावी. दोरा लोंबतोय? गोंदाचा डाग दिसतोय? नीट करा किंवा दुसरी करा. "घरी केलंय ना, चालतं" हे वाक्य देणाऱ्याने म्हणायचं नसतं.

याच कारणाने मी शोभेच्या वस्तू देत नाही. भिंतीवर लावायची, टेबलावर ठेवायची वस्तू म्हणजे समोरच्याच्या घरातली जागा न विचारता अडवणं. विकत आणलेली नावडती वस्तू माणूस निर्धास्त दुसऱ्याला देऊन टाकतो. हाताने केलेली देऊन टाकता येत नाही, आणि तुम्ही घरी येणार म्हटलं की ती माळ्यावरून खाली काढावी लागते. वापरून संपेल, झिजेल किंवा पुस्तकात सपाट राहील अशी वस्तू द्या. वही भरून संपते. खूणपट्टी हरवते, आणि हरवू दे. विणकामाला मात्र माझा दंडवत: स्वेटर म्हणजे कित्येक संध्याकाळी, आणि तोवर ज्याच्यासाठी विणतोय ते बाळ तो घालायच्या वयापुढे गेलेलं असतं. टोपी विणा.

टिकावं असं काही करत असाल, म्हणजे पत्रं किंवा फोटो चिकटवलेली वही, तर वर्तमानपत्राचा कागद त्यात घालू नका. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, असतं, म्हणून तो उजेडाने पिवळा पडतो आणि मग तुटतो. साधी चिकटपट्टीही नको. काही वर्षांत तिचा तपकिरी डाग तेवढा मागे राहतो. पातळ लावलेला पांढरा गोंद, वर बटरपेपर, त्यावर जाड पुस्तकांचं वजन, आणि रात्रभर हात लावायचा नाही. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, म्हणून वजन ठेवलं नाही तर कागद बाक धरतो.

काहीच करता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी हल्ली "कूपन" सुचवतात: एक दिवस मुलांना सांभाळीन, कपाट आवरून देईन, वगैरे. कल्पना चांगली आहे, पण असं कूपन वटवायला बहुतेक माणसं लाजतात आणि ते ड्रॉवरमध्येच राहतं. द्यायचं तर त्यावर तारीख घाला आणि त्या दिवशी स्वतःहून जाऊन उभे राहा. त्याहून सोपं म्हणजे एक पानभर पत्र. त्यात "तू खूप चांगला आहेस" लिहू नका. त्याने कधी काय केलं होतं ते लिहा, बारीकसारीक तपशिलासकट. खर्च एका कागदाचा. तरी सगळ्या भेटींत लोक हिलाच सगळ्यात जास्त टाळतात, आणि का ते मला कळतं. वही शिवताना निदान स्वतःबद्दल काही बोलावं लागत नाही.

एवढं झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, "इतकं छान करतेस, मग विकत का नाहीस?" विकायचं म्हटलं की माझ्या वेळेचे पैसे लावावे लागतील, आणि ते लावले की ती वही कोणी घेणार नाही, मीसुद्धा नाही. शिकायची असेल तर मात्र या. सुई-दोरा माझा, कागद तुमचे. कटरचं नवं पातं आठवणीने आणा, माझं कायम बोथट असतं.