गुगली वळली आज!
आज सकाळी शिवाजी पार्कात नेटला गुगली, म्हणजे लेग स्पिनसारखाच दिसणारा पण बाहेर न जाता उलटा आत वळणारा बॉल, एकदाची वळली राव, काय आनंद झालाय सांगू! लेग स्पिनचीच ग्रिप असते, फक्त मनगट इतकं आत वळवायचं की हाताची मागची बाजू बॅट्समनकडे येते आणि बॉल करंगळीच्या बाजूने सुटतो. सरांनी रनअपच बंद केला होता, नुसतं उभं राहून टाक आणि हवेत शिवण कुठे फिरतेय ते बघ म्हणाले. हात नेहमीपेक्षा उंचावरून आला की समोरच्याला लगेच कळतं, त्यामुळे खरी मेहनत लपवण्यातच आहे. आज समोर चांगला खेळणारा पोरगा होता, ऑफबाहेर पडलेला बॉल सोडायला त्याने बॅट वर घेतली आणि बॉल आत येऊन थेट ऑफ स्टंपवर!! आपल्या मुंबईच्या लेग स्पिनर सुभाष गुप्तेंनी १९५८ ला कानपूरला वेस्ट इंडिजच्या एकाच इनिंगमध्ये ९ विकेट काढल्या होत्या, आणि ते दोन वेगवेगळ्या गुगल्या टाकायचे म्हणे, मला तर एकीचंच इतकं अप्रूप वाटतंय. अनामिकेचं साल निघालंय पण उद्या परत जाणार, आता हात जास्त न उचलता टाकायचीय.