माल्मोतलं विसावं गाणं

९ मे, रात्र

१९९२ च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या माल्मोतल्या त्या कार्यक्रमात विसाव्या क्रमांकाला युगोस्लाव्हियाची गायिका एक्स्ट्रा नेना येते. 'ल्युबिम ते पेस्मामा'. गाणं इतकं ओळखीचं आहे की आज कान तिकडे गेलेच नाहीत. नजर गेली ती वाद्यवृंदापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे. आंदेर्स बर्गलुंड. यजमान स्वीडनचा संचालक. सातव्या क्रमांकाला त्यानेच स्वीडनचं गाणं चालवलं होतं, आणि विसाव्याला युगोस्लाव्हियाचं.

संध्याकाळपासून तेवढंच मनात घोळतंय.

यात वावगं काहीच नाही. देशाने आपला संचालक आणायचा, नाही आणला तर यजमानांचा माणूस उभा राहायचा, ही तिथली तेव्हाची रीत. स्वरलेखन आधी पोचवायचं, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा काढलेला असायचा, तालमी व्हायच्या, आणि हातात कसब असलेला संचालक अनोळखी गाणंही तीन मिनिटांत नेटकं पार पाडायचा. बर्गलुंडने पाडलंच. पण १९८९ साली लोझानला युगोस्लाव्हियाच्या 'रिवा' बँडचं गाणं निकित्सा कालोगयेराने चालवलं होतं. पुढच्या वर्षी झाग्रेबच्या लिसिन्स्की सभागृहात गायिका तायचीच्या वेळी स्तांको सेलाक होता. घरची माणसं. १९९२ ला नेना गात असताना काठी दुसऱ्याच्या हातात. आणि देशच फुटत असताना घरचं माणूस म्हणायचं तरी कुठल्या घरचं?

पण मला खरं बोचतंय ते हे नाही बहुधा. मला बोचतंय ते असं, की हे गाणं माल्मोला पोचलं याचा मला आनंद होतो. दर वेळी होतो. आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं हे ठाऊक असताना तो आनंद कुठे ठेवायचा ते कळत नाही.

तारखाच पाहू. गाणं निवडलं गेलं २८ मार्चला, बेलग्रेडमध्ये. माल्मोचा कार्यक्रम ९ मेला. मधले ४२ दिवस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोस्नियाच्या राजधानीला, सारायेवोला वेढा पडला. ६ एप्रिलला युरोपीय समुदायाने बोस्नियाला मान्यता दिली. २७ एप्रिलला सर्बिया आणि माँटेनेग्रो मिळून नवं संघराज्य जाहीर झालं, नावात युगोस्लाव्हिया कायम ठेवून. म्हणजे निवड झाली एका राज्यात आणि गाणं गायलं गेलं दुसऱ्यात. वेशीवरची पाटी तेवढी तीच. २ मेला सारायेवोचं मुख्य पोस्ट ऑफिस जळालं आणि शहरातले टेलिफोन मुके झाले. त्यानंतर सातव्या दिवशी माल्मोत देशोदेशीच्या ज्यूरी टेलिफोनवरून गुण सांगत होत्या. ही स्पर्धा तेव्हा चालायची ती टेलिफोनवर, हे एरवी लक्षातही येत नाही.

"अस्तित्वात नसलेल्या देशासाठी गायलेलं गाणं" असं याबद्दल सर्रास म्हटलं जातं. मला ते वाक्य सहन होत नाही. फार सोपं आहे ते. त्या स्पर्धेत मुळात देश सदस्य नसतोच, प्रसारण संस्था असते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या वहीत नाव होतं ते जेआरटीचं, म्हणजे सगळ्या प्रजासत्ताकांच्या दूरचित्रवाणी केंद्रांच्या मिळून बनलेल्या संस्थेचं. देश मोडला तरी वहीतलं नाव लगेच खोडलं जात नाही. तेवढ्या फटीतून गाणं निघून गेलं.

आणि मोडणं त्या निवडीतच आधी दिसलं होतं. एकेकाळी या निवडीत आठ केंद्रं असत: ल्युब्लियाना, झाग्रेब, सारायेवो, बेलग्रेड, तितोग्राद, स्कोप्ये, प्रिश्तिना, नोवी साद. प्रत्येकाची गाणी, प्रत्येकाची ज्यूरी. पद्धत वरवर न्याय्य होती. पण ज्यूरी प्रजासत्ताकवार बसवल्या की एकमेकांवरचा राग थेट गुणतक्त्यात उतरतो, कारण कुठल्या केंद्राने कुणाला शून्य दिलं ते सगळ्या देशाला पडद्यावर दिसतं. १९९१ ला ९ मार्चच्या रात्री सारायेवोत ही निवड झाली. त्याच दिवशी बेलग्रेडच्या रस्त्यांवर रणगाडे आले होते. निवडलेलं गाणं, बेबी डॉल नावाच्या गायिकेचं 'ब्राझील', रोमला गेलं आणि १ गुण घेऊन परतलं. १९९२ च्या निवडीत ल्युब्लियाना, झाग्रेब, स्कोप्ये नव्हतेच. सारायेवोची गाणी मात्र होती. हे मला नेहमी थांबवतं. २८ मार्चला सारायेवोची गाणी बेलग्रेडच्या कार्यक्रमात, आणि पुढच्या दहा दिवसांत...

असो.

आज सगळ्यात जास्त त्रास दिला तो १९८५ ने. त्या वर्षीही कार्यक्रम स्वीडनमध्येच होता, गोथेनबर्गला, तारीख ४ मे. ४ मे म्हणजे टिटोंची पुण्यतिथी. त्या दिवशी गाणं शोभत नाही म्हणून युगोस्लाव्हियाने त्या वर्षी भागच घेतला नाही. गेलेल्या एका माणसासाठी अख्ख्या देशाने गाणं थांबवलं, पाच वर्षं उलटून गेल्यावर. आणि सात वर्षांनी, माणसं रोज मरत असताना, गाणं पाठवलं. हे दोन निर्णय शेजारी ठेवले की पोटात तुटतं. १९८५ ला ज्यांना शोक कसा पाळायचा हे इतकं नेमकं कळत होतं, त्यांना १९९२ ला का कळलं नाही? की तोवर तो निर्णय घेणारं एक घर उरलंच नव्हतं? शोक पाळायलाही आधी सगळ्यांचं मिळून एक मयत असावं लागतं.

टिटो म्हटलं की आपल्याकडे शाळेतला इतिहास आठवतो. नेहरू, नासर, टिटो. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला १९६१ च्या सप्टेंबरमध्ये भरली. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या कान शहरात ल्यिल्याना पेत्रोविच या स्पर्धेत युगोस्लाव्हियाचं पहिलं गाणं गायली होती. समाजवादी देशांपैकी तिथे येणारा हा एकटाच. दोन्ही गटांत नसलेल्या देशाने दोन्हीकडे आपलं गाणं ऐकवायचं, त्यात एक ऐट होती. १९६१ ते १९९२, एकूण २७ गाणी, एक विजय. तो विजय १९८९ चा, म्हणून १९९० ला यजमानपद झाग्रेबला. ५ मे १९९०. त्या रात्री इटलीचा टोटो कुटुन्यो जिंकला, 'इन्सिएमे: १९९२' गाऊन. युरोप १९९२ ला एक होणार, असं ते गाणं. दुसऱ्या दिवशी क्रोएशियात निवडणुकीची दुसरी फेरी होती. त्यानंतर आठवड्याभरातच झाग्रेबच्या माक्सिमिर फुटबॉल मैदानावर क्रोएशियन आणि सर्बियन प्रेक्षकांची ती दंगल. १९९२ साल आलं तेव्हा कोण एक झालं आणि कोण तुटलं, ते आता सगळ्यांना माहीत आहे.

पुन्हा त्या आनंदाकडे येते. तो इतका अडचणीचा का वाटतो?

पुढचं कॅलेंडर पाहिलं म्हणून. ३० मेला सुरक्षा परिषदेचा ठराव ७५७ आला. व्यापार, विमानं, खेळ, सरकारी पाठबळावरची सांस्कृतिक देवाणघेवाण, सगळं बंद. माल्मोनंतर बरोबर २१ दिवसांनी. फुटबॉलचा संघ युरो स्पर्धेसाठी स्वीडनला पोचलेला होता, त्याला तसंच माघारी धाडलं. त्याच्या जागी डेन्मार्क आला, पहिला सामना इंग्लंडशी माल्मोतच खेळला, आणि २६ जूनला गोथेनबर्गला अजिंक्यपद घेऊन गेला. त्याच देशात, त्याच शहरात, महिन्याभराच्या फरकाने. गाण्याची स्पर्धा जूनमध्ये असती तर नेनाचं गाणं झालंच नसतं. ते वाचलं ते कुणाच्या मोठेपणामुळे नाही, तारखेमुळे. खेळाडू विमानात बसून परत गेले आणि गाणं मात्र गायलं गेलं, यात न्याय कुठला? मी ज्याचा आनंद मानते ती नुसती वेळ साधली गेल्याची गोष्ट आहे, या विचाराने मघाशी फार उदास वाटलं. आपण ज्याला जीव लावला त्याला नशिबापलीकडे काही आधार नाही, असं काहीतरी.

मग गुणतक्ता पुन्हा काढून बसले, आणि तिथे जरा सावरले.

४४ गुण, २३ देशांत तेरावा क्रमांक. आपल्या देशाला गुण देता येत नाहीत, म्हणजे देणाऱ्या ज्यूरी २२, प्रत्येकीकडून जास्तीत जास्त १२, मिळून २६४. ४४ म्हणजे सरासरी बरोबर २. दयेचे गुण असे नसतात, आणि बहिष्काराचेही नसतात. ज्यूरींनी ते गाणं गाणं म्हणून ऐकलं आणि मधल्या रांगेत ठेवलं. ते तिथे का अडकलं हेही गाण्याच्याच भाषेत सांगता येतं. रादिवोये रादिवोयेविचची चाल संथ आहे, हळूहळू चढत जाते, शेवटच्या मिनिटात आवाज पूर्ण उघडतो. अशा चालीला आधीचं गाणं हलकंफुलकं मिळायला हवं. सोडतीत तिच्या आधी आली इटली, आणि इटलीची मिया मार्टिनी. 'राप्सोदिया'नंतर कुणीही संथ गाणं घेऊन उभं राहणं म्हणजे दिव्यच. त्यात त्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक इंग्रजीत गाणाऱ्यांचे: आयर्लंड, ब्रिटन, माल्टा. गाणं आपल्याच भाषेत हवं हा नियम तेव्हा लागू होता, त्यामुळे नेनाला तो पर्यायच नव्हता. सोडत, शेजार, भाषा. तेरावा क्रमांक एवढ्यात उलगडतो. इतिहास मध्ये आणावा लागत नाही. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं. तीन मिनिटं तरी तिला गायिका म्हणून मोजलं गेलं.

आणि बर्गलुंडचंही मग तितकं लागेना. पुढच्या वर्षी आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीटला बोस्नियाचा चमू वेढ्यातून कसाबसा बाहेर पडला, संचालक मागेच राहिला, आणि त्यांचा गायक फाझला याच्या गाण्याला उभा राहिला आयर्लंडचा नोएल केलेहान. त्याच रात्री सारायेवोच्या ज्यूरीचा आवाज खरखरत्या लाइनवरून आला तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. १९९४ च्या जूनमध्ये सारायेवोच्या जळक्या ग्रंथालयात मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, झालं, ते आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी चालवलं. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. परक्या माणसाने समोरच्या कागदावरचे सूर जबाबदारीने वाजवून घ्यावेत, याला मी संध्याकाळी पोरकेपण म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही.

२००६ ला हेच सगळं लहान आकारात पुन्हा घडलं. सर्बिया-माँटेनेग्रोची निवड बेलग्रेडला मार्चमध्ये झाली, पुन्हा दोन बाजूंच्या ज्यूरी, पुन्हा गुणांवरून भांडण, प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या, समेट झाला नाही आणि अथेन्सला गाणंच गेलं नाही. २० मेला अंतिम फेरी झाली, त्यात त्या देशाचे गुण तेवढे वाचून दाखवले गेले. २१ मेला माँटेनेग्रोत जनमत घेतलं गेलं आणि तोही देश संपला. त्याच्या नावावरचं शेवटचं गाणं त्यामुळे आदल्या वर्षीचं राहिलं, कीव्हचं, तेव्हा सगळं ठीक चाललंय असं समजून गायलेलं.

१९९२ ला भांडणं याहून किती पटींनी भयंकर होती, तरी गाणं गेलं. ते गेलं याचं मला बरं वाटतं. सारायेवोचं सगळं माहीत असूनही वाटतं, आणि ते कुणापुढे झाकून ठेवावं असं आता वाटत नाही.